फरसबी, मिरची आणि कढईतलं पाणी

"भाजी छान उकडली आहेस," बाबा म्हणाले आणि शांतपणे पुढचा घास घेतला.

टोमणा नव्हता तो. आज मी मुद्दाम पचायला हलकं काहीतरी केलंय, असंच त्यांना वाटलं होतं. मी मात्र स्वयंपाकघरात शिरलो होतो ते झणझणीत, परतलेली फरसबी करायला. कडा जरा करपलेल्या, दाताखाली करकरणारी आणि पहिल्याच घासाला नाक ओलं करणारी. ताटात आली ती शेवाळी रंगाची, लिबलिबीत. तिखटपणाचं म्हणाल, तर एखादा मिरचीचा तुकडा दाताखाली आला की जीभ पोळायची, आणि बाकी सगळं मिठाच्या पाण्यात भिजलेलं गवत.

आई महिनाभरासाठी मावशीकडे गेली होती. घरात कामाची वाटणी अशी झाली की कुकर बाबांकडे आणि तोंडीलावणं माझ्याकडे. मला ही वाटणी फायद्याची वाटली. तोंडीलावणं म्हणजे काय, शेवटच्या दहा मिनिटांत होणारी गोष्ट. पानं मांडलेली, बाकी जेवण तयार, आणि कढईतून थेट पानात काहीतरी हिरवं, तिखट. दहा मिनिटांत कुणी काय बिघडवणार? पहिल्या आठवड्यात मी फरसबी चार वेळा केली आणि चारही वेळा वेगळ्या तऱ्हेनं बिघडवली.

पहिल्या दिवशी काय केलं ते सांगतो. शेंगा नळाखाली धुतल्या आणि तशाच ओल्या चिरल्या. कढई मध्यम आचेवर ठेवली, कारण मोठ्या आचेची मला भीती वाटते. तेल एक चमचा, कारण तेल कमी खावं म्हणतात. लांब चिरलेल्या चार मिरच्या आणि सगळ्या शेंगा एकदम टाकल्या. लगेच मीठ घातलं, म्हणजे नंतर विसरायला नको. वर झाकण ठेवलं आणि फोन बघत बसलो. बारा मिनिटांनी झाकण उचललं, तर वाफेचा लोट आणि तळाशी चांगलं चार-पाच चमचे पाणी. मी तर पाणी घातलंच नव्हतं! ते आलं कुठून, हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता. पडला नाही. मी गॅस वाढवला आणि ते पाणी आटवत बसलो. म्हणजे शिजलेल्या भाजीला आणखी शिजवत बसलो.

मला आधी खटकला तो रंग. चव बिघडली तर निदान मीठ-मिरचीवर ढकलता येतं. रंग पानात सगळ्यांसमोर पडलेला असतो. म्हणून मी रंगाच्या मागे लागलो. हिरवी भाजी हिरवी दिसते ती हरितद्रव्यामुळे, हे शाळेत शिकलेलं. त्या हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो, हे विसरलो होतो. शेंग तापली की तिच्या पेशी फुटतात आणि आतली आम्लं बाहेर येतात. आम्लामुळे तो मॅग्नेशियम निघून जातो आणि त्याच्या जागी हायड्रोजन येऊन बसतो. मग उरतं ते फिओफायटिन, आणि त्याचा रंग म्हणजे थेट माझ्या भाजीचा रंग. यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जाणारी असतात. मी झाकण ठेवून त्यांना कोंडलं होतं. ती झाकणाला लागून थेंब होत होती आणि परत शेंगांवर पडत होती. भाजी स्वतःच्याच आंबटात अंघोळ करत होती.

गंमत अशी की पहिल्या मिनिटभरात शेंगा उलट जास्तच हिरव्यागार होतात. पेशींच्या मधल्या पोकळ्यांतली हवा गरम होऊन निघून जाते आणि खालचा रंग उजळून दिसतो. ते पाहून आपण खूश होतो, झाकण टाकतो आणि निघून जातो. खरं तर तिथून घड्याळ सुरू होतं.

आम्लानं बिघडतं ना, मग अल्कली घाला. मी स्वतःला फार हुशार समजून दुसऱ्या दिवशी खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली. चिमूट म्हणतोय, पण ती जरा मोठीच होती. रंग काय सुरेख आला! प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा. उलथणं लावलं तर शेंगा मोडायला लागल्या. पेशींच्या भिंतींना धरून ठेवणारा जो चिवट भाग असतो, तो सोड्याच्या पाण्यात भराभर विरघळतो. शिवाय क जीवनसत्त्व जातं, थायमिन जातं, आणि जिभेवर साबणाची पुसटशी चव राहते. बाबांनी त्या दिवशी काहीच म्हटलं नाही. नुसतं पाणी जास्त प्यायले. सोडा पुन्हा कपाटात गेला, तो अजून तिथंच आहे.

तिसऱ्या दिवशी झाकण काढून टाकलं. भाजी थोडी सुधारली, रंग बराचसा टिकला, पण करकरीतपणा नाही आणि ते करपलेले डाग तर अजिबात नाहीत. आवाजही नव्हता. आई परतते तेव्हा शेजारच्या खोलीतही चर्र ऐकू येतं. माझ्या कढईतून येत होती ती नुसती रटरट. कान लावला असता तर डोळ्यांच्या आधी कळलं असतं. चर्र म्हणजे पाणी पडताक्षणी उडतंय आणि शेंग तेलाला भिडलीय. रटरट म्हणजे तळाशी पाणी साचलंय आणि शेंगा त्यात उकळताहेत.

तेव्हा कुठे मी पाण्याचा विचार करायला बसलो, आणि बसलो तो वजनकाटा घेऊन. फरसबीत मुळातच शंभरातले नव्वद भाग पाणी. ते तर आहेच. पण २५० ग्रॅम शेंगा धुऊन, चाळणीत निथळून पुन्हा काट्यावर ठेवल्या तर २७३ ग्रॅम भरल्या. म्हणजे तेवीस ग्रॅम पाणी मी वरून, फुकट, कढईत नेऊन ओतत होतो. तेवीस ग्रॅम म्हणजे दीड मोठा चमचा, त्यानं काय होतंय, असं वाटेल. पण एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला २२५७ ज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत साधं थंड पाणी सहा-सात ग्रॅम उकळीपर्यंत नेता येईल. घरगुती गॅसच्या शेगडीची सगळी ताकद त्या दीड चमच्याला वाफ बनवण्यात खर्ची पडते. आणि जोवर तळाशी पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर हलत नाही. भाजी तांबूस होते, तिला तो भाजका खमंग वास येतो, तो प्रकार साधारण १४० अंशांच्या आसपास जोर धरतो. लुई-कामीय मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२मध्ये तो पहिल्यांदा मांडला, म्हणून त्याला मेयार अभिक्रिया म्हणतात. शंभर आणि एकशेचाळीस यांच्या मधे माझ्या आठवडाभराच्या सगळ्या भाज्या अडकून पडल्या होत्या.

मीठही त्याच कटात सामील. सुरुवातीला मीठ टाकलं की ते शेंगेच्या चिरलेल्या तोंडातून पाणी ओढून बाहेर काढतं. झाकण ठेवलं की वाफेला वाट नाही. आच मंद असली की येणारं पाणी उडण्याआधी साचतं. मला या सगळ्या वेगवेगळ्या चुका वाटत होत्या. चूक एकच होती. मी सगळीकडून कढईत पाणी गोळा करत होतो.

आता मी शेंगा अर्धा तास आधीच धुतो आणि सुती फडक्यावर पसरून ठेवतो. घाई असेल तर फडक्यात गुंडाळून हातानं चोळतो, लहान मुलाचं डोकं पुसतात तसं. धुऊन, पुसून मग चिरायचं. चिरून धुवायचं नाही, कारण चिरलेल्या तोंडात पाणी शिरतं ते पुसता येत नाही. देठाकडचं टोक मोडताना एका बाजूनं ओढलं की शीर असेल तर दोऱ्यासारखी निघून येते. कोवळ्या शेंगेला ती नसतेच. शेंग वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकत असेल तर तिचं काहीतरी रसदार करावं, परतायला घेऊ नये. बारीक चिरू नये हे माझं ठाम मत आहे. बोटाच्या दोन पेरांएवढे तिरपे तुकडे. तितकी चिरलेली तोंडं कमी, तितकं पाणी कमी गळतं. बारीक चिरलेली फरसबी लवकर होते असं म्हणतात. लवकर शिजते, हे खरं.

कढईचं मला बरेच दिवस समजत नव्हतं. किती तापवायची? पाण्याचा एक थेंब टाकून बघायचा, हे कुठल्याही स्वयंपाकघरात सांगतात. कोमट कढईत थेंब नुसता पसरतो. जरा तापली की सुस्स करून उडतो. आणि भरपूर तापली, म्हणजे साधारण दोनशे अंशांच्या आसपास, की थेंब उडतच नाही! पाऱ्याच्या गोळीसारखा कढईभर पळत सुटतो. खालच्या वाफेची गादी त्याला धातूला टेकू देत नाही. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं १७५६मध्ये याचं वर्णन करून ठेवलंय. मी एका संध्याकाळी पंधरा मिनिटं थेंब पळवत बसलो होतो. बाबा डोकावून गेले, काही बोलले नाहीत. थेंब पळायला लागला की तो पूर्ण उडू द्यायचा, मग तेल, आणि तेल लाटेसारखं थरथरलं की लगेच शेंगा. तेलातून धूर निघायला लागला तर उशीर झाला. गॅस बंद करून थोडं थांबायचं. हे सगळं माझ्या लोखंडी कढईचं सांगतोय. न चिकटणारा लेप असलेलं भांडं असं रिकामं तापवू नये, तो लेप अति उष्णतेत खराब होतो.

पहिल्यांदा कोरड्या शेंगा तापल्या तेलात पडल्या तेव्हा असा आवाज झाला की मी एक पाऊल मागे सरकलो. आणि मग सगळ्यात अवघड काम होतं: काही न करणं. हात शिवशिवतो. पण सतत हलवत राहिलं तर कुठलाच तुकडा तळाशी पुरेसा टेकत नाही. मिनिटभर तसंच राहू द्यायचं, मग एकदा उलटवायचं, पुन्हा मिनिटभर. पाच-सहा मिनिटांत सालीवर सुरकुत्या येतात, जागोजागी तपकिरी ठिपके पडतात. एक तुकडा फुंकून खाऊन बघायचा. करकरीत हवा, पण कच्चा नको. या जातीच्या शेंगांमध्ये कच्चेपणी पोटाला त्रास देणारं लेक्टिन असतं आणि ते शिजल्यावरच निकामी होतं.

इतपत जमलं. आता तिखट.

तिखटाच्या बाबतीत माझं गणित सरळ होतं: कमी वाटलं तर मिरच्या वाढवा. चारच्या सहा, सहाच्या नऊ. नऊ मिरच्यांची भाजी झाली तरी बाबा म्हणाले, "भाजी अळणीच आहे, मिरच्या मात्र तिखट आहेत." वाक्य हसण्यासारखं, पण निदान अचूक होतं. तिखटपणा मिरचीतच बसून राहिला होता, भाजीत उतरलाच नव्हता. मिरचीतलं तिखट द्रव्य म्हणजे कॅप्सायसिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. माझ्या कढईत तेल एक चमचा आणि पाणी पाच चमचे. ते बिचारं उतरणार कशात? शिवाय मिरची लांब चिरली की तिचा आतला गाभा तसाच राहतो, आणि तिखटपणा मुख्यतः तिथंच असतो. त्या पांढऱ्या, शिरेसारख्या भागात, ज्याला बिया चिकटलेल्या असतात. बिया तिखट, असं आपण म्हणतो. बियांना तो तिखटपणा शेजारानं लागलेला असतो.

मग मी मिरच्या चिरणं सोडलं आणि खलबत्ता काढला. चार मिरच्या, सहा लसणीच्या पाकळ्या आणि भाजीला लागेल तेवढं सगळं मीठ, एकत्र भरड ठेचलं. मिठाचे खडे मिरची फोडायला मदत करतात, आणि मीठ या ठेच्यातूनच शेवटी भाजीत जातं. म्हणजे आधी मीठ टाकायचा मोह आपोआप टळतो. लसणीचंही तसंच. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की आतले दोन वेगवेगळे ठेवलेले पदार्थ एकमेकांना भेटतात आणि ॲलिसिन तयार होतं, मग तो झणका येतो. उष्णता लागली की हे बनवणारं विकर (एन्झाइम) मरतं. म्हणून ठेचल्यावर पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्यावं. तेवढ्यात शेंगा परतून होतातच.

हा ठेचा घालायचा कधी, यावर दोन दिवस गेले. आधी घातला तर मोठ्या आचेवर सहा मिनिटांत लसूण काळी होते आणि भाजी कडू. शेवटी वरून घातला तर कच्चा राहतो, तेलात उतरतच नाही. शेवटी जे जमलं ते असं: शेंगा होत आल्या की आच मध्यम करायची, शेंगा कढईच्या कडेला सारायच्या आणि मधोमध झाडाला करतात तसं आळं करायचं. आळ्यात अर्धा-एक चमचा तेल आणि त्यात ठेचा. चाळीस सेकंद, फार तर पन्नास. लसणीचा रंग बदलू लागला, कच्चा वास गेला की कडेच्या शेंगा आत ओढायच्या, दोनदा खालीवर करायच्या आणि गॅस बंद. चार मिरच्यांत जे तिखट झालं ते नऊ मिरच्यांत झालं नव्हतं. प्रत्येक तुकड्याला तेलाचा पातळ थर, आणि तिखट त्या थरात.

पण त्या चाळीस सेकंदांची किंमत मी आधी मोजली नव्हती. ठेचा तेलात पडला आणि घरभर ठसका. मी खोकतोय, बाहेर बाबा खोकताहेत, शेजारच्या घरातून शिंक ऐकू आली. मिरचीचे अतिसूक्ष्म थेंब वाफेबरोबर हवेत जातात आणि घशात जाऊन बसतात. तेव्हापासून खिडकी आधी उघडायची, मग ठेचा. आणि कढईवर वाकून बघायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

त्याहून वाईट ते डोळ्याचं. मिरच्यांची देठं काढली, हात पाण्यानं धुतले, जेवलो, आणि तासाभरानं डोळा चोळला. पाण्यात न विरघळणारी गोष्ट पाण्यानं धुतल्यावर हातावरच राहते, हे मी त्याच आठवड्यात वाचलं होतं आणि तरीही! बाबांनी मला मोरीवर वाकवलं आणि पंधरा मिनिटं डोळ्यावर पाणी सोडत राहिले. "वाचतोस काय नुसतं," एवढंच म्हणाले. आता मिरची हाताळली की आधी बोटांना तेल चोळतो, मग साबण. तेल कॅप्सायसिनला सोडवतं, साबण तेलाला.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा कळलं की तिखट ही चवच नाही. कॅप्सायसिन जिथं जाऊन बसतं तो टीआरपीव्ही१ नावाचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे मज्जातंतूच्या टोकावरचं संवेदना टिपणारं प्रथिन, खरं तर उष्णता ओळखण्यासाठी असतो. साधारण ४३ अंशांच्या वरचं काही लागलं की तो मेंदूला भाजल्याची वर्दी देतो. मिरची त्याला फसवते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७मध्ये तो शोधला आणि २०२१मध्ये त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. असले ग्राहक डोळ्यातही असतात, म्हणून माझ्या डोळ्यानंही त्या दिवशी फरसबी चाखली. आणि गरमागरम भाजी निवलेल्या भाजीपेक्षा जास्त तिखट का लागते, त्याचं उत्तरही इथंच आहे: दोन्ही गोष्टी एकच दार ठोठावतात. पक्ष्यांचा ग्राहक मिरचीला फसत नाही. ते खुशाल मिरच्या खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात. म्हणजे मिरचीचा राग आपल्यासारख्या दात असलेल्यांवरच.

मिरची मोजायच्या पद्धतीचीही मला फार मजा वाटली. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं १९१२मध्ये, म्हणजे मेयारच्याच वर्षी, ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. जितक्या पट पातळ करावं लागलं तितका आकडा. भोपळी मिरचीचा शून्य, शुद्ध कॅप्सायसिनचा १ कोटी ६० लाख. हे आकडे माझ्या मिरच्यांवर लिहिलेले नसतात, एकाच झाडाच्या दोन मिरच्याही सारख्या नसतात. म्हणून मी ठेचण्याआधी प्रत्येक मिरचीच्या देठाकडचा कण जिभेच्या टोकाला लावून बघतो. ही सवय वेडेपणाची वाटते, पण एकदा चारही मिरच्या राक्षसी निघाल्या होत्या, आणि त्या वेळी ताक घशाखाली गेल्यावरच जीव भांड्यात पडला. पाण्यानं काही होत नाही. दुधातलं केसिन कॅप्सायसिनला धरून नेतं, ताकातही ते असतंच.

अजून एक: लिंबू. तिखटावर आंबट हवंच, यात वाद नाही. पण मी ते कढईतच पिळायचो आणि भाजी पानात येईपर्यंत रंग मावळायला लागायचा. पुन्हा तेच आम्ल, पुन्हा तोच मॅग्नेशियम. आता फोड पानात ठेवतो, ज्यानं त्यानं आपापलं पिळावं.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत हात बसला. पाव किलो शेंगा, दोन मोठे चमचे तेल (एका चमच्याचा हट्ट सोडला), चार मिरच्या, सहा पाकळ्या, पाऊण चमचा मीठ. तयारी सोडली तर कढई ठेवल्यापासून उतरवेपर्यंत दहा मिनिटं. बाबांनी एकदा न मागता दुसऱ्यांदा वाढून घेतली. आईला मी फोनवर हे सगळं सविस्तर सांगितलं, मॅग्नेशियमसकट. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कढई घासतोस ना नीट?"

मग रविवारी ताई आणि भावजी जेवायला आले. मी छाती फुगवून अर्धा किलो शेंगा घेतल्या. सगळं दुप्पट: तेल दुप्पट, ठेचा दुप्पट, शेंगा कोरड्या ठणठणीत. कढई मात्र तीच, आणि शेगडीही तीच. टाकल्या तेव्हा दोन सेकंद चर्र झालं आणि मग आवाज खाली खाली बसत गेला. रटरट. शेंगांचे तीन थर झाले होते; खालच्यांची वाफ वरच्यांत अडकत होती आणि पाणी होऊन परत खाली येत होती. महिन्याभराची अक्कल एका कढईत बुडताना मला दिसत होती, ऐकूही येत होती.

ताई दारात येऊन उभी राहिली. "अरे, एवढी गर्दी कशाला केलीस? अर्ध्या काढ की ताटात."

काढल्या. उरलेल्या अर्ध्यांनी मिनिटभरात पुन्हा आवाज धरला. त्या नीट झाल्या, ठिपकेदार. बाहेर काढलेल्या अर्ध्या ताटात आपल्याच वाफेत मऊ पडल्या होत्या. त्या नंतर परतल्या, पण गेलेला करकरीतपणा परत येत नाही. दोन वाडग्यांत दोन भाज्या पानांवर गेल्या. सांगितलं नव्हतं कुणालाच. पहिला वाडगा पाच मिनिटांत रिकामा झाला. भावजींनी दुसऱ्यातली वाढून घेतली, एक घास खाल्ला आणि विचारलं, "ही उकडलेली का?"

बाबा माझ्याकडे बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला.